दीडशे युरोचा मुखवटा, बेचाळीस लाखांचा लिलाव : ‘अस्सल’ आफ्रिकी कला ठरवतं कोण?

अनघा_लेगोस (धागाकर्ती)

फ्रान्समधला तो खटला तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. एका वृद्ध जोडप्याने २०२१ साली घरातलं जुनं सामान काढून टाकलं. त्यात माळ्यावर पडलेला एक लाकडी मुखवटा होता. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने तो १५० युरोला उचलला. मार्च २०२२मध्ये माँपेलिएच्या लिलावात तोच मुखवटा ४२ लाख युरोला गेला. जोडप्याला ही बातमी वर्तमानपत्रातून कळली!

मुखवटा होता गॅबनमधल्या फांग लोकांचा, ‘न्गिल’ नावाचा. लांबट चेहरा, बदामासारख्या फटींचे डोळे, वर पांढऱ्या मातीचा लेप. न्गिल ही फांग लोकांतली न्यायनिवाडा करणारी मंडळी. रात्री मशालींच्या उजेडात हा मुखवटा घालून ती गावात शिरत आणि चेटूक करणाऱ्याला, गुन्हेगाराला हुडकून काढत. गॅबन तेव्हा फ्रेंच वसाहत; तिथल्या प्रशासनाला असलं समांतर न्यायालय नको होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ते मोडून काढलं आणि मुखवटे घडवणंही थांबलं. आज जगात असे दहा-बाराच माहीत आहेत.

आता गंमत बघा. प्रथा मोडली म्हणून वस्तू दुर्मिळ झाली. आणि ज्या राजवटीने मोडली, तिच्याच एका अधिकाऱ्याच्या वारसाच्या घरातून ती निघाली (आजोबा वसाहतीत गव्हर्नर होते, १९१७च्या सुमारास त्यांनी तो आणला), म्हणून तिच्या अस्सलपणाबद्दल कुणालाच शंका नाही. लिलावाच्या वेळी सभागृहात गॅबनचे काही लोक उभे राहून ‘हा आमचा आहे, विकू नका’ असं ओरडत होते. लिलाव झालाच.

मी लेगोसला राहते. इथे नव्याने येणारा प्रत्येक भारतीय कधी ना कधी बाजारात मुखवटा हातात धरून विचारतो, ‘हे ओरिजिनल आहे का?’ संग्राहकांची ओरिजिनलची व्याख्या साधारण अशी: त्या समाजातल्या कारागिराने घडवलेलं हवं, त्याच समाजासाठी घडवलेलं हवं, विधीत किंवा नाचात खरोखर वापरलेलं हवं, आणि विकण्यासाठी केलेलं नको. या कसोट्यांमागे आणखी एक न बोललेली अट असते: वस्तू पॅरिस, ब्रसेल्स किंवा न्यूयॉर्कच्या कुणा नामांकित माणसाकडे राहून आलेली असावी.

कॅमेरूनमधली ‘बांगवा राणी’ ही लाकडी मूर्ती घ्या. ती हेलेना रुबिनस्टाईनकडे होती (तीच ती, सौंदर्यप्रसाधनांची सम्राज्ञी), आणि प्रसिद्ध छायाचित्रकार मान रेने तिचे फोटो काढले होते. १९६६मध्ये ती २९ हजार डॉलरला गेली. १९९०मध्ये ३४ लाख डॉलर. मधल्या २४ वर्षांत मूर्तीवर कुणी छिन्नीचा एक घावही घातलेला नाही.

माझं मत आधीच सांगते. ‘अस्सल’ ही कसोटी आफ्रिकेत जन्मलेलीच नाही. ती घेणाऱ्यांनी घेणाऱ्यांसाठी केली, आणि किंमत मोजली जाते ती बरीचशी त्यांच्याच आपसातल्या वंशावळीची. घाला वाद.

---

बाब्या

वाचतोय. त्या म्हाताऱ्यांना शेवटी काय मिळालं का?

---

अनघा_लेगोस

@बाब्या, नाही. डिसेंबर २०२३मध्ये आलेसच्या न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. वस्तूची किंमत जाणकाराकडून करून घ्यायची काळजी तुम्हीच घेतली नाही, असं म्हणणं पडलं. त्याच खटल्यात गॅबन सरकारही ‘मुखवटा आम्हाला परत द्या’ म्हणत उतरलं होतं. तेही फेटाळलं.

---

खवचट_खान

म्हणजे व्यापाऱ्याने जोडप्याला गंडवलं यावर सगळा फ्रान्स हळहळला, आणि आजोबांनी १९१७ साली गॅबनमध्ये काय मोजलं होतं हे विचारायला कुणाला सुचलं नाही. छान.

अनघाताईंच्या वंशावळीच्या मुद्द्याला माझी एक पुरवणी. पॅरिसमध्ये किचिझो इनागाकी नावाचा जपानी कारागीर होता, १९०६ साली तिथे आला. पॉल गिय्योम, शार्ल रातों असल्या डीलरांच्या आफ्रिकी मूर्तींना तो लाकडी बैठका करून द्यायचा. सुंदर काम, खाली त्याचा शिक्का. आज लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘बैठक : इनागाकी’ असं आवर्जून छापतात. कारण त्या बैठकीवरून कळतं की मूर्ती त्या काळात चांगल्या डीलरच्या हातून गेली आहे.

आफ्रिकी मूर्ती अस्सल असल्याचा पुरावा म्हणजे जपानी माणसाने फ्रान्समध्ये केलेला पाट. मी आता घरच्या सगळ्या वस्तूंना पाट करून घेतोय. (ह. घ्या.)

---

ओतारी

चर्चा चांगली चालली आहे, पण ‘सगळं घेणाऱ्यांच्या डोक्यात आहे’ हे मला मान्य नाही. धातुशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय, म्हणून थोडं त्या बाजूने.

वस्तू किती जुनी आणि कशी केलेली, हे बऱ्याच अंशी तपासता येतं. भाजलेल्या मातीसाठी थर्मोल्युमिनेसन्स चाचणी आहे. माती शेवटची कधी भाजली गेली, याचा अंदाज तिच्यातल्या खनिजांनी साठवलेल्या ऊर्जेवरून लागतो. नायजेरियातल्या नोक संस्कृतीच्या मूर्ती (दोन हजार वर्षांहून जुन्या) आणि मालीतल्या जेनेच्या मूर्तींसाठी हीच वापरतात. पण नकली माल करणारेही हुशार. खरे जुने तुकडे जोडून नवीन मूर्ती उभी करायची आणि चाचणीवाला जिथे ड्रिल मारण्याची शक्यता आहे तिथेच जुना तुकडा बसवायचा. अहवाल खरा, मूर्ती खोटी. म्हणून एका ठिकाणच्या नमुन्यावर विसंबून चालत नाही, आतला जोड शोधायला सीटी स्कॅन करावा लागतो.

लाकडाचं अवघड आहे. कार्बन चाचणी लाकूड कधी वाढलं ते सांगते, कोरलं कधी ते नाही. शिवाय साधारण १६५० ते १९५० या काळात तिचं उत्तर इतकं पसरट येतं की फारसा उपयोग होत नाही. १९५०नंतरचं लाकूड मात्र ती लगेच पकडते, अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन बदलला म्हणून.

आता बेनिनचे पितळी फलक आणि मुंडकी. (आजच्या बेनिन देशाचा इथे संबंध नाही, हे नायजेरियातलं बेनिन सिटी.) पद्धत आपल्याकडच्या ढोकऱ्याचीच: मातीचा गाभा, वर मेण, मेणावर नक्षी, वर पुन्हा माती. तापवलं की मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. त्यामुळे ओतीव कामात आत मातीचा गाभा उरला असेल तर त्याचंही वय काढता येतं.

धातू कुठला हे अधिक रंजक आहे. पोर्तुगीज व्यापारी पश्चिम आफ्रिकेत ‘मनिला’ नावाची पितळी कडी चलन म्हणून नेत. १५४८ साली जर्मनीतल्या फुगर घराण्याने पोर्तुगालच्या राजाला अशी कडी पुरवायचा करारच केला होता. २०२३मध्ये बुडालेल्या जहाजांतल्या कड्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यातल्या शिशाची समस्थानिकं बेनिनच्या कामाशी जुळली, आणि खनिज निघालं जर्मनीतल्या ऱ्हाईनलँडचं.

म्हणजे ज्याला ‘बाहेरचा स्पर्श न झालेली कला’ म्हणून मिरवलं, ती युरोपच्या पितळात ओतलेली आहे. आणि तरी अस्सल बेनिनची आहे! धातू कुणाचाही असो, ओतणारा हात बेनिन सिटीच्या इगुन गल्लीतल्या ओताऱ्यांचा.

---

प्राजक्ताची_आई

@ओतारी, प्रतिसाद फार आवडला. हाच धागा मागे ओढते.

‘विकण्यासाठी केलेलं नको’ ही अट मला सर्वांत पोकळ वाटते. पंधराव्या-सोळाव्या शतकात आजच्या सिएरा लिओनच्या किनाऱ्यावरचे सापी कारागीर पोर्तुगीजांसाठी हस्तिदंती मीठदाण्या कोरायचे. गिऱ्हाईक परदेशी, मागणी परदेशी, नक्षीत पोर्तुगीज शिपाई. या मीठदाण्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड आहेत, आणि त्यांना कुणी ‘टुरिस्ट माल’ म्हणत नाही. मग आज दार-ए-सलामच्या म्वेंगे बाजारात माकोंदे कारागीर आपल्यासमोर बसून कोरतो, ते मात्र ‘विमानतळावरची कला’. चारशे वर्षं जुनं झालं की माफ असतं का?

माकोंदेच्या गोष्टीत आपल्याकडचाही एक धागा आहे. हे लोक मोझांबिकमधून टांझानियात आले. पन्नासच्या दशकात दार-ए-सलाममध्ये मोहम्मद पीरा नावाचे भारतीय वंशाचे दुकानदार त्यांचं काम विकायचे. नुसती माणसं आणि प्राणी कोरण्यापेक्षा वेगळं काही करा, असं उत्तेजन त्यांनी या कारागिरांना दिलं. समाकी लिकान्कोआने कोरलेली पहिली ‘शेतानी’ (भुताखेताची) मूर्ती १९५९ची सांगतात. वाकडे अवयव, एक डोळा, पोटातून निघालेला पाय. कुठल्याही जुन्या विधीत ती नव्हती. पुढे हीच शैली माकोंदेची ओळख झाली. आता तिला नकली कसं म्हणणार?

---

नाना_पेठकर

आपण सर्व फारच भावनेच्या आहारी जात आहात असे नम्रपणे नमूद करतो. संग्राहकाने पैसे मोजावयाचे तर त्यास काही निकष लागणारच. विधीत वापरलेली वस्तू आणि फुटपाथवर विकावयास ठेवलेली वस्तू यांत फरक नाही काय? आपल्या देव्हाऱ्यातले झिजलेले टाक आणि सराफाकडचे नवे टाक एका मोलाचे धराल काय?

---

मोंबासाकर

नाना, टाकांचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. टाक पार झिजले, चेहरा ओळखू येईना, की आपण काय करतो? सोनाराकडे देतो, मोडून नवे करून आणतो आणि विधीने बसवतो. देव त्या नव्यात. जुनं असणं ही आपली कसोटीच नाही. ती तुमच्या झिजलेल्या टाकावर डोळा ठेवून दारात उभ्या राहिलेल्या माणसाची कसोटी आहे. आणि त्याला तो टाक हवाच असेल, तर तो कसा मिळवेल?

ही कल्पना नाही, आमच्या किनाऱ्यावर असं झालंय. केनियातल्या मोंबासाच्या उत्तरेला मिजिकेंदा लोकांची वस्ती आहे. त्यांच्यात गोहू नावाचं मानाचं मंडळ. त्यातला सभासद वारला की काही काळाने तो कुणाच्या तरी स्वप्नात येतो, ‘मला थंडी वाजतेय’ म्हणतो, अशी समजूत. मग त्याच्यासाठी ‘किगांगो’ उभारतात. माणसाच्या उंचीचा किंवा त्याहून मोठा लाकडी खांब, वर गोल किंवा तसंच कोरलेलं डोकं, अंगावर त्रिकोणांची खोदीव नक्षी. अनेकवचन ‘विगांगो’. एकदा रोवला की तो हलवायचा नाही. ऊन-पाऊस-वाळवीने जाईल तो जाईल, तिथेच जाईल. घरावर संकट आलं की तिथे जाऊन ताडी शिंपडायची आणि पूर्वजाला हाक मारायची.

सत्तरच्या दशकापासून अमेरिकेत या खांबांना भाव आला. आधुनिक शिल्पासारखे दिसतात ना! घेणाऱ्याला हवं होतं ‘खरोखर रोवलेलं, पावसाने करडं पडलेलं’. म्हणजे तुमचे निकष एकूण एक पूर्ण. ते पूर्ण करायचा मार्ग एकच होता: रात्री जाऊन उपटायचे. उपटून नेणारे बहुतेक गावातलेच बेकार तरुण, आणि खरा पैसा पुढच्या दुकानात. शेकडो खांब अमेरिकी संग्रहालयांत आणि संग्रहांत पोहोचले. एका कुटुंबाचे १९८५मध्ये चोरीला गेलेले दोन खांब एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जुन्या फोटोवरून दोन अमेरिकी संग्रहालयांत शोधून काढले. २००७पर्यंत ते परत आले. डेन्व्हरच्या संग्रहालयाने २०१४मध्ये आपल्याकडच्या तीस खांबांवरचा हक्क सोडला.

परत आलेल्या त्या दोन खांबांतल्या एकाभोवती गावात लोखंडी पिंजरा केलाय, पुन्हा कुणी नेऊ नये म्हणून.

विकायला केलेलं कमअस्सल, वापरातलं तेवढं अस्सल, हे वाक्य दिवाणखान्यात बसून निरुपद्रवी वाटतं. इकडे त्याचा अर्थ ‘चोरा’ असा होतो.

---

खवचट_खान

मोंबासाकर __/\__

---

शुभदा

खूप छान माहिती. माझा प्रश्न अगदीच साधा आहे. हे कंपनीच्या कामासाठी नैरोबीला गेले होते, तिथून एक काळा मुखवटा आणलाय. विकणारा म्हणाला शंभर वर्षं जुना आहे, मसाई लोकांचा. भिंतीवर लावलाय. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो खरा आहे का. कसं ओळखायचं? फोटो टाकते.

---

मोंबासाकर

शुभदाताई, मसाई लोकांत मुखवट्याची परंपराच नाही. त्यांचं नाव पाटीवर असलं की पर्यटक थांबतो, म्हणून लावतात. फोटोवरून काम कांबा कारागिरांच्या कार्यशाळेतलं दिसतंय. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुतिस्या मुंगे नावाचा कांबा माणूस टांझानियाकडे सैन्यात होता, तिथे कोरीवकाम बघून शिकला आणि परत येऊन त्याने धंदा सुरू केला. आज केनियातल्या वामुन्यू गावापासून आमच्या मोंबासातल्या चांगाम्वेपर्यंत हजारो लोक त्यावर जगतात. चांगाम्वेच्या सहकारी संस्थेत तर शेडखाली रांगेने बसलेले कारागीर दिसतात: एक जण फक्त हत्तीच करतो, दुसरा फक्त जिराफ.

काळा रंग खरा आहे का, तेवढं घरी बघा. म्पिंगो नावाचं अस्सल काळं लाकूड पाण्यात बुडतं, इतकं जड असतं. मुखवटा हलका असेल तर मागच्या बाजूला नखाने थोडं खरवडा. खाली फिकट लाकूड निघालं तर वरचं बूटपॉलिश आहे.

---

शुभदा

फिकट निघालं 😀 ह्यांना अजून सांगितलं नाही.

---

अनघा_लेगोस

शुभदाताई, भिंतीवरून काढू नका, छान दिसतोय. पण पुढच्या वेळी कुणी जुना म्हणून दाखवला तर तोंडावरची नक्षी बघूच नका. पाठ बघा. नाचात वापरलेल्या मुखवट्याची आतली बाजू कपाळ, नाक, गाल, हनुवटी टेकते तेवढ्या जागीच घामाने-तेलाने काळी-गुळगुळीत झालेली असते, बाकी लाकूड त्या मानाने कोरडं. कडेला भोकं असतात, त्यांतून गवताचा किंवा कापडाचा पोशाख बांधलेला असतो. दोरीने घासून ती भोकं एका बाजूला लांबट होतात. सगळी भोकं कंपासने काढल्यासारखी गोल असतील तर तिथे दोरी कधी ओवलेलीच नाही. आणि स्वतःच्या तोंडाशी धरून बघा, दिसतं का? डोळ्यांच्या फटी चुकीच्या जागी असल्या तर नाचणारा पहिल्याच गिरकीला पडेल. (काही मुखवट्यांतून नाकपुडीतून किंवा तोंडातून बघायची सोय असते, ही पुस्ती.)

कॅमेरूनमधलं फुम्बान किंवा आयव्हरी कोस्टमधलं कोऱ्होगो इथे जुनेपण आणायचीच कला आहे. धुरावर धरतात, चहात बुडवतात, मातीत पुरतात, मुद्दाम वाळवी लावतात. पण वाळवीला नाच कळत नाही. ती कुठेही खाते. खरी झीज जिथे हात लागतो तिथेच असते.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण मला आमच्या योरुबा लोकांच्या ‘इबेजी’ बाहुल्यांत दिसतं. योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण फार मोठं. जुळ्यांतलं एखादं मूल गेलं तर वीतभर उंचीची लाकडी मूर्ती करून आई तिला न्हाऊ-माखू घालते, खाऊ घालते, लाल लाकडाची पूड चोळते. वर्षानुवर्षं चोळून नाक-डोळे पुसट होतात, चेहरा गोट्यासारखा होतो. केसांत मात्र निळा रंग टिकतो. तो बऱ्याचदा इंग्रजी कंपनीची कपड्यांना घालायची नीळ. म्हणजे इथेही ‘शुद्ध’ काही नाही. पुढे काही घरांत लाकडी मूर्तीऐवजी प्लॅस्टिकची बाहुली आली, काही ठिकाणी जिवंत जुळ्याचाच फोटो दोनदा छापून. आईच्या लेखी त्यात खोट नव्हती. बाजारात मात्र झिजलेल्या लाकडाला भाव आहे, प्लॅस्टिकच्या बाहुलीला शून्य.

---

ओतारी

इबेजीबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद.

कारागिराच्या नावाचा मुद्दा कुणी काढला नाही अजून. कॅटलॉगमध्ये युरोपातल्या मालकांची सात नावं ओळीने असतात, आणि करणाऱ्याच्या जागी ‘फांग’, ‘लुबा’, ‘सेनुफो’. जणू काही सगळ्या जमातीने मिळून कोरलं.

---

प्राजक्ताची_आई

अगदी. नाव विचारलंच नव्हतं, ते नव्हतंच असं नाही. काही जणांची कामं हाताच्या वळणावरून ओळखली गेली आणि त्यांना संशोधकांनीच नावं दिली. काँगोतल्या लुबा शैलीत लांबट, दुःखी चेहऱ्याचं काम करणारा तो ‘बुलीचा उस्ताद’, बेल्जियमच्या ओल्ब्रेख्त्सने वेगळा काढलेला. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये १ कोटी २० लाख डॉलरला गेलेली सेनुफो स्त्रीमूर्तीही ‘सिकासोच्या उस्तादा’च्या नावावर आहे. म्हणजे एक हात ओळखू आला की भाव वाढतो, पण त्या हाताचं खरं नाव काय ते माहीत नाही.

याच्या उलट ओलोवे. नायजेरियातल्या इसे गावचा योरुबा शिल्पी, १९३८च्या सुमारास वारला. इकेरेच्या राजवाड्यासाठी त्याने उंच कोरीव दार केलं. त्यात सिंहासनावर राजा आणि समोर डोलीतून आलेला इंग्रज अधिकारी. ते १९२४मध्ये लंडनला वेंबलीच्या प्रदर्शनात गेलं, ब्रिटिश म्युझियमला आवडलं. राजाने बदल्यात इंग्लंडमध्ये बनवलेलं सिंहासन मागून घेतलं आणि ओलोवेकडून नवं दार करून घेतलं! त्याचं नाव गावात कधीच हरवलं नव्हतं. त्याच्या एका पत्नीला त्याची ओरिकी, म्हणजे स्तुतिकवनं, कित्येक दशकांनंतरही तोंडपाठ होती. अभ्यासक तिच्यापर्यंत पोहोचले तेव्हा ती लिहून घेतली गेली.

राजाने जुनं दार देऊन टाकलं आणि नवं करवलं, हे मला मोंबासाकरांच्या टाकांच्या मुद्द्याला जोडून घ्यावंसं वाटतं.

---

नाना_पेठकर

टाकांचा मुद्दा मान्य. तथापि एक शंका उरते. वस्तू परत दिल्या तर त्या सुरक्षित राहतील याची हमी काय? निदान लंडनमध्ये त्या नीट जपल्या जातात.

---

खवचट_खान

नाना, ब्रिटिश म्युझियमने स्वतःच ऑगस्ट २०२३मध्ये जाहीर केलं की त्यांच्या संग्रहातल्या दोनेक हजार वस्तू चोरीला गेल्यात, खराब झाल्यात किंवा गहाळ आहेत. संशय आतल्याच माणसावर. संचालकांनी राजीनामा दिला. नीट जपल्या जातात ते हे.

---

अनघा_लेगोस

नानांचा प्रश्न इथेही लोक विचारतात, त्यामुळे चिडत नाही. फक्त बेनिनचा इतिहास थोडा सांगते.

फेब्रुवारी १८९७मध्ये इंग्रज फौजेने बेनिन सिटी जाळलं, ओबा (म्हणजे बेनिनचा राजा) ओव्होनराम्वेनला कालाबारला हद्दपार केलं. राजवाड्यातून हजारो वस्तू गेल्या. फलक, मुंडकी, हस्तिदंत. काही मोहिमेचा खर्च काढायला विकल्या. १९५०नंतर ब्रिटिश म्युझियमने आपल्याकडचे काही फलक ‘दुबार’ ठरवून विकले, आणि घेणाऱ्यांत नायजेरियाही होता. लेगोसच्या संग्रहालयासाठी आमच्याच वस्तू पैसे मोजून आणल्या. (‘आमच्या’ म्हणाले, इतकी वर्षं राहिल्यावर जीभ वळतेच.)

१९७७च्या लेगोसच्या मोठ्या कला महोत्सवाचं बोधचिन्ह होतं बेनिनच्या राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा. तो उसना तरी द्या म्हटलं, ब्रिटिश म्युझियमने दिला नाही. शेवटी नवा कोरून घेतला. नायजेरियात पोस्टरांवर, कापडांवर तोच चेहरा सगळीकडे गेला.

आणि हा किस्सा धाग्याच्या विषयाचा कळस. १९७३ साली नायजेरियाचे तेव्हाचे लष्करी सत्ताधीश जनरल गोवॉन इंग्लंडच्या राणीला भेटायला गेले, तेव्हा लेगोसच्या संग्रहालयातून बेनिनचं एक पितळी मुंडकं भेट म्हणून घेऊन गेले. लंडनमध्ये सगळ्यांची समजूत, नवी प्रतिकृती असणार. जवळपास तीस वर्षं ते तसंच राहिलं. २००२मध्ये जाणकारांनी नीट पाहिलं तर ते जुनंच निघालं, सतराव्या शतकातलं. राजघराण्याकडे मुंडकं तेच, धातू तोच, ओतकाम तेच. जाणकारांच्या डोळ्यांसमोर असून नकली होतं, कारण सोबत कागद नव्हता.

आता कागद उलट फिरायला लागलेत. २०१०च्या डिसेंबरात १८९७च्या मोहिमेतल्या एका अधिकाऱ्याच्या वारसांनी इदियाचा आणखी एक मुखवटा लिलावाला काढला होता, अंदाज ३५ ते ४५ लाख पौंड. नायजेरियन लोकांनी इंटरनेटवर एवढा गदारोळ केला की काही दिवसांत मागे घ्यावा लागला. पूर्वी ‘१८९७ची मोहीम’ हे शब्द कॅटलॉगमध्ये असले की अस्सलपणाचा शिक्का. आज ते असले की मोठी लिलावघरं दहादा विचार करतात. २०२१मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळी कोंबडा परत केला, २०२२मध्ये लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने ७२ वस्तूंची मालकी सोडली, जर्मनीनेही त्याच वर्षी मालकी सोडली, आणि नेदरलँड्सने २०२५मध्ये ११९ वस्तू दिल्या.

इथे सगळं गोड चाललंय असं नाही. परत आलेल्या वस्तूंचा मालक कोण यावर भांडण आहे. २०२३मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ओबाच्या नावे हक्क जाहीर केला, त्यावर युरोपात बरीच कुजबुज झाली. आणि वर @ओतारी यांनी सांगितलेल्या कड्यांचा दुसरा पदर असा की त्या कड्यांच्या बदल्यात माणसं विकली गेली. न्यूयॉर्कमधल्या एका संघटनेचं म्हणणं आहे की या धातूवर गुलामांच्या वंशजांचाही हक्क आहे, सगळं ओबाला देऊ नका. त्यांनी स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेला कोर्टात खेचलं होतं. या म्हणण्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही.

---

बाब्या

मग घ्यायचं तरी काय? मला पुढच्या महिन्यात लेगोसला यायचंय कामाला. रिकाम्या हाताने आलो तर आई घरात घेणार नाही.

---

अनघा_लेगोस

@बाब्या, सवड काढून बेनिन सिटीला जा, इगुन गल्लीत. १८९७नंतर दरबारच गेल्यावर ओताऱ्यांचं काम बसलं होतं. १९१४मध्ये गादीवर आलेल्या एवेका दुसऱ्याने, जो स्वतः कोरायचा आणि ओतायचा, ते परत उभं केलं आणि बाहेरच्यांना विकायचीही मुभा दिली. आजही तीच घराणी. मोडके नळ, गाड्यांचे भाग असलं भंगार मुशीत वितळवतात. दारात मातीचे साचे उन्हात वाळत असतात, आत कुणीतरी गुडघ्यावर मेणाचा बिबट्या धरून सुईने त्याचे ठिपके काढत असतो. त्याला वेळ असला तर बोलतो, काम असलं तर ओळीत थांबा म्हणतो.

घेताना तीन गोष्टी कर. ओतणाऱ्याचं नाव आणि साल विचारून लिहून घे, शक्य तर त्याच्याच हाताने. जुनं आहे म्हणाला तर घेऊ नकोस: खोटं असेल तर पैसे गेले, खरं असेल तर गुन्हा. आणि नवीन असलं तरी संग्रहालय आयोगाकडून ‘ही पुरातन वस्तू नाही’ असा परवाना करून घे, नाहीतर विमानतळावर अडवतात. दुकानदार म्हणेल गरज नाही. गरज असते.

---

ओतारी

एक राहिलं. हस्तिदंत, कितीही छोटं असो, कितीही ‘जुनं, कायदेशीर’ म्हणोत, हात लावू नका. आपल्या कायद्यात १९९१च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकी हस्तिदंताचा व्यापारही बंद आहे आणि मुंबईच्या कस्टमवाल्यांना लांबूनही ते ओळखू येतं.

बाब्या, पितळी बिबट्या आणलास तर तळाचा फोटो टाक. मेण कुठून वाहून गेलं ते बघायचंय.